चाव्यांचा रकाना

हर्बर्ट गान्स एप्रिल २०२५ मध्ये गेले. वय ९७. रिडेव्हलपमेंटच्या सर्व्हेचं काम केलेल्या माझ्यासारखीला या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाबद्दल इतकं का वाटतं, ते एकदा लिहायचंच होतं.

जन्म १९२७ चा, जर्मनीतल्या कोलोनचा. घर ज्यू. नाझींमुळे देश सुटला आणि १९४० मध्ये इंग्लंडमार्गे अमेरिकेत आले. शिकागोत शिकले, कोलंबिया विद्यापीठात वर्षानुवर्षं शिकवलं, १९८८ मध्ये अमेरिकन सोशिऑलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले. पण मला सगळ्यांत मोलाचे वाटतात ते ऑक्टोबर १९५७ ते मे १९५८ हे महिने.

बॉस्टनची वेस्ट एन्ड ही जुन्या चाळवजा इमारतींची वस्ती. सगळ्यांत जास्त इटालियन स्थलांतरितांची मुलं-नातवंडं, सोबत ज्यू, पोलिश आणि इतरही. पालिकेने ती 'स्लम' ठरवून पाडायला काढली होती. (आपल्या सरकारी मराठीत या शब्दाला 'गलिच्छ वस्ती' म्हणायचे. म्हणजे माणसं मोजायच्या आधीच निकाल.) गान्स बायकोला घेऊन तिथेच भाड्याने राहिले. पहिल्या दिवसांत त्यांनाही पडझड, कचरा, रिकामी घरंच दिसली. काही आठवड्यांनी नजर बदलली: लोक जिथे उभे राहतात, बोलतात, खरेदी करतात, तेवढंच डोळ्यांत भरू लागलं. स्वतःच्या नजरेतला हा बदल त्यांनी १९६२ च्या 'द अर्बन व्हिलेजर्स'मध्ये प्रामाणिकपणे नोंदवलाय. स्वस्त भाड्याची वस्ती वेगळी आणि माणसाला अपाय करणारी वस्ती वेगळी, हे त्यांचं म्हणणं. वेस्ट एन्ड पहिल्या प्रकारातली होती.

तरी ती पाडलीच. तिथे श्रीमंतांसाठी उंच इमारती आल्या. आणि तिथल्या अनेकांना शेवटपर्यंत वाटत होतं की हे काही खरं होणार नाही.

नंतर न्यू जर्सीतल्या लेव्हिटटाउन या नव्या उपनगरातही ते घर घेऊन दोन वर्षं राहिले. उपनगरातली माणसं एका छापाची, असं शहाणे लोक लांबून म्हणत होते. गान्सना तसं आढळलं नाही. थोडक्यात, आधी राहा, मग बोला.

आता माझं. एमएसडब्ल्यूनंतर एका संस्थेतर्फे मी मुंबईत एका जुन्या चाळीचा सर्व्हे केला. फॉर्ममध्ये खोलीचं क्षेत्रफळ, रेशन कार्ड, लाइट बिल, किती सालापासून राहता, नव्या घरासाठी पात्र की अपात्र. दुसऱ्या मजल्यावरच्या एका मावशींच्या दाराआड खिळ्याला चाव्यांचे चार जुडगे लटकत होते. "ही शेजारच्यांची. दोघं कामाला जातात, पोरं शाळेतून आली की माझ्याकडून घेतात. ती तिसरी शेवटच्या खोलीतल्या आजोबांची, त्यांना रात्री दम लागतो." चाळीस वर्षं त्या ही राखण करत होत्या, एक पैसा न घेता. माझ्या कागदावर याला रकाना नव्हता.

घरं मोठी व्हायलाच हवीत. सकाळी संडासाच्या रांगेत उभं राहणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण नवी खोली लॉटरीने वाटताना शेजार वाटला जात नाही, तो उधळला जातो. पात्रतेची यादी करणाऱ्या प्रत्येकाने त्या चाळीत निदान महिनाभर राहून यावं. आणि एका गॅलरीतल्या घरांना टॉवरमध्येही एकच मजला मिळावा. ही मागणी अवघड नाही, यादी तर आधीच हातात असते.

निघताना मावशींनी विचारलं, "टॉवरमध्ये माझ्या बाजूला कोण येणार गं?"

मला सांगता आलं नाही. चार चाव्या, चार घरं, एवढं मी फॉर्मच्या पाठीमागे पेनने लिहिलं आणि तो तसाच जमा केला.