वरणाची फोडणी आणि आयात शुल्क
महागाईचा दर उतरल्यामुळे घरखर्चाबाबतची तक्रार आता अनाठायी आहे, हे लेखातील विधान मला अपुरे वाटते. दर उतरतो तेव्हा किमती पूर्वपदावर येतातच असे नाही. बहुतेक वेळा त्यांची वाढ फक्त मंदावते. साधे वरण-भातच घ्या. तूरडाळ आपण म्यानमार, मोझांबिक, टांझानिया या देशांतूनही आणतो, आणि फोडणीच्या तेलाबाबत परावलंबन अधिकच आहे, कारण देशाच्या गरजेतील निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात होते: पाम तेल मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनमधून. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झाले, ते हमीभावाखाली (तेव्हा क्विंटलला ४,८९२ रुपये) सोयाबीन विकावे लागणाऱ्या लातूर-वाशीमच्या शेतकऱ्यासाठी. मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आणले गेले, ते ग्राहकासाठी. दोन्ही निर्णयांमागचे हेतू मला मान्य आहेत, परंतु नऊ महिन्यांत उलटणाऱ्या धोरणाच्या भरवशावर शेतकऱ्याने पेरणी कशी ठरवावी, याचा विचार लेखकाने करायला हवा होता. (कांद्याच्या निर्यातबंदीची कथा निराळी नाही.) शिवाय महागाईचा दर ज्यावरून काढतात, त्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ हे पायाभूत (तुलनेचे) वर्ष असलेल्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेयांचा भार, म्हणजे वाटा, ४५.८६ टक्के होता. ज्या घराची निम्म्याहून अधिक मिळकत किराण्यातच जाते, त्या घराची महागाई या सरासरीने मोजता येत नाही.