जावईबापू, रुबिकॉन ओलांडू का?

सासऱ्यांनी रिटायर झाल्यावर बागकाम करून पाहिलं, ब्रिज खेळून पाहिलं आणि आता त्यांना रोमन यादवीचा बोर्ड गेम सापडलाय. लाकडी ठोकळे, थोडे पत्ते, मूठभर फासे, बॉक्सवर लिहिलंय हलकाफुलका. दोघांचाच गेम, त्यामुळे दुसरा मीच, हे सांगायला नको.

यादवीतले दोन सेनापती म्हणजे सीझर आणि पॉम्पी. त्यातला सीझर कोण, पॉम्पी कोण यावर चर्चाच नाही. सीझरची मुलगी ज्युलिया पॉम्पीला दिलेली, म्हणजे सीझर सासरा, पॉम्पी जावई, विषय संपला. पॉम्पी वयाने सीझरपेक्षा सहा वर्षं मोठा होता असं मी म्हणून बघितलं तर म्हणे, "वयाचं काय घेऊन बसलात, नात्याने बघायचं."

मग इसपू 49 चा जानेवारी. तेरावी लीजन, म्हणजे रोमन पलटणीचा ठोकळा, चिमटीत धरून सासरे दर वेळी विचारतात, "जावईबापू, रुबिकॉन ओलांडू का?" रुबिकॉन म्हणजे इटलीच्या वेशीवरची नदी, ती फौजेनिशी ओलांडली की युद्ध सुरू. आता याला नाही म्हणायची सोय आहे का सांगा. पॉम्पीने आधी फुशारकी मारली होती की इटलीत नुसता पाय आपटला की फौजा उभ्या राहतील. मी आपटून बघितला, खालच्या मजल्यावरचे काका वर आले. मग काय, खऱ्या पॉम्पीसारखंच इटलीतलं ब्रुंडिसियम बंदर गाठायचं आणि तिथून जहाजाने ग्रीस. डाव बरोबर आहे हो हा, आरमार आपलं, पूर्वेकडचा पैसा आपला, पण समोरून "रोम टाकून पळताय होय?" आणि आतून सासूबाईंचं खुसखुस हसणं.

ठोकळ्याचं तोंड मालकाकडे असतं, समोरच्याला नुसती पाठ दिसते, गेमची सगळी गंमत त्यातच. पण बायको चहा घेऊन माझ्या मागून येते आणि "अय्या, हा तर पार मरायला टेकलाय!" सीझरचा उजवा हात लाबिएनस युद्ध सुरू होताच पॉम्पीला येऊन मिळाला होता, आमच्याकडे फितुरी उलट्या दिशेने चालते.

तरी 48 मध्ये डिरॅकियमच्या लढाईत मी सासऱ्यांना चोपलं. इतिहासकार विचारत बसतात की तिथे जिंकल्यावर पॉम्पीने पाठलाग का नाही केला. खरं तर त्याला संकोच कसला, ज्युलिया बिचारी 54 मध्येच बाळंतपणात गेलेली, नातं तिथेच तुटलेलं. आमची ज्युलिया हयात आहे, दारात उभी आहे, आणि बाबा चष्मा पुसत गप्प बसलेत हे तिला दिसतंय. लीजन जागेवरून हलवली नाही मी.

मग फार्सालसची निर्णायक लढाई. माणसं माझी जास्त, घोडदळ तर कितीतरी जास्त, पॉम्पीच्या छावणीत तर लढाईआधीच सीझरचं मुख्य पुरोहितपद कुणाला मिळणार यावर भांडणं लागली होती. मूठभर फासे टाकले, एक लागेल तर शपथ. सासऱ्यांनी तीन टाकले, तिन्ही लागले.

उरलेला ठोकळा मी इजिप्तकडे सरकवला तर सासरे कळवळून म्हणाले, "अहो तिकडे नका जाऊ, पॉम्पीला किनाऱ्यावरच मारतात!" पण रोमही त्यांचं, ग्रीसही त्यांचं, मी जाऊ कुठे.

आता ते सीझरनंतरच्या यादवीतल्या अँटनी आणि ऑक्टेव्हियनचाही गेम मागवतायत. तिथे ऑक्टेव्हियनची बहीण अँटनीला दिलेली, म्हणजे मेव्हण्या-मेव्हण्यांचा मामला, सासऱ्यांना त्यात जागाच नाही हे मी नात्याने पटवून दिलंय. मेव्हण्याला अजून कुणी कळवलेलं नाही.