तुमच्या ज्युनो-१०६ ची खरखर, आमची चूक आणि 'ओरिजिनल'चा प्रश्न

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. दोन स्टार दिलेत, पण का दिलेत तेही नीट मांडलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्या पुण्याच्या दुकानातून घेतलेल्या रोलंड ज्युनो-१०६ या जुन्या सिंथेसायझरमध्ये दोन महिन्यांतच खरखर सुरू झाली. फोन केलात तर 'जुनी वस्तू आहे, असं व्हायचंच' म्हणून वॉरंटी नाकारली. 'ओरिजिनल' सांगून विकलेल्या यंत्रात आम्ही नवे पार्ट घातले होते. वर २,८०० रुपयांचा ट्रान्सफॉर्मर गळ्यात मारला. आणि शेवटी, भारतात ही यंत्रं कुणाला कळतच नाहीत.

आधी फोनचं. ते उत्तर चुकीचं होतं. तुमच्या बिलावर तीन महिन्यांची वॉरंटी लिहिलेली आहे आणि त्यात 'व्हॉइस चिप सोडून' असं कुठेही म्हटलेलं नाही. फोन माझ्या सहकाऱ्याने घेतला होता, पण दुकान माझं आहे, त्यामुळे त्याची जबाबदारी माझी. नंतरच्या तुमच्या दोन मेसेजनाही उत्तर गेलं नाही. तीन आठवडे तुम्हाला ताटकळत ठेवलं, याबद्दल मनापासून माफी मागतो.

आता खरखरीबद्दल. ती 'कधी येते, कधी येत नाही' असं तुम्ही लिहिलंय. एक करून पाहा. पॉली-१ या वाजवण्याच्या मोडमध्ये एकच पट्टी सावकाश, प्रत्येक वेळी बोट पूर्ण उचलून, बारा-पंधरा वेळा दाबा. ज्युनोत सहा व्हॉइस, म्हणजे एका वेळी एकेक सूर वाजवणारे सहा स्वतंत्र भाग असतात आणि दाबलेला प्रत्येक नवा सूर पुढच्या व्हॉइसकडे जातो. बरोबर दर सहाव्या वेळी खरखर आली, तर बिघाड एकाच व्हॉइसमध्ये आहे. तो कुठला हेही घरबसल्या कळतं: 'की ट्रान्सपोज' नावाचं बटण दाबून धरून यंत्र चालू करा. ते टेस्ट मोडमध्ये जातं आणि दाबलेला सूर कितव्या व्हॉइसवर वाजतोय तो आकडा डिस्प्लेवर दिसतो.

कारण मला यंत्र न उघडताही जवळजवळ नक्की माहीत आहे. १०६ च्या प्रत्येक व्हॉइससाठी ८००१७ए नावाची एक चिप आहे. आवाजाचा पोत ठरवणारा फिल्टर आणि त्याची पातळी ठरवणारा ॲम्प्लिफायर दोन्ही तिच्यातच, आणि वरून काळ्या इपॉक्सीचा (कडक राळेचा) थर. १९८४ च्या या मॉडेलचा तो थर वयानुसार विजेला नको तिथे वाट देऊ लागतो. मग व्हॉइस खरखरतो, कधी सूर अडकून राहतो, कधी आवाजच बंद होतो. ज्युनो दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. मलाही होतं. तुमचं यंत्र देण्याआधी दोन दिवस चालू ठेवून तपासलं, सहाही व्हॉइस स्वच्छ वाजत होते, म्हणून चिप्सना हात लावला नाही. हा निर्णय मी एकट्याने घेतला. तुम्हाला धोका समजावून, विचारून घ्यायला हवा होता. माझी खरी चूक ही आहे, फोनपेक्षाही मोठी.

उपाय आहे आणि तो आम्ही पूर्ण आमच्या खर्चाने करू. चिप्स काढून काही दिवस ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवायच्या, थर मऊ पडला की हळूहळू सोलायचा. यातून बऱ्याच चिप्स पुन्हा वाजू लागतात. ज्या वाजणार नाहीत त्यांच्या जागी नव्याने बनवलेल्या पर्यायी चिप्स बसवू. सहाही चिप्स करायच्या, फक्त बिघडलेली नाही, कारण उरलेल्या पाचही त्याच वयाच्या आहेत. नंतर सगळ्या व्हॉइसचे फिल्टर आणि पातळी पुन्हा जुळवावी लागते, नाहीतर एका कॉर्डमधले सूर वेगवेगळ्या वाद्यांतून आल्यासारखे वाटतात.

'ओरिजिनल'च्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. तुमच्या यंत्रात आम्ही पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवून सपाट करणारे भाग) आणि मेमरीची बॅटरी बदलली. चाळीस वर्षांत असे कपॅसिटर सुकतात, स्पीकरमधून सतत घुमणारा आवाज येऊ लागतो आणि वेळ वाईट असेल तर सप्लाय जाताना इतर भागांनाही घेऊन जातो. ज्युनोचा सूर ते घडवत नाहीत. त्यांना जपणं म्हणजे जुन्या गाडीचे झिजलेले ब्रेक 'मूळचे आहेत' म्हणून जपणं.

जिथे पार्टच आवाज असतो तिथे मी वेगळा वागतो. रोलंडचंच टीआर-८०८ हे ड्रम मशीन घ्या. रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनीच सांगितलं होतं की त्यात सदोष म्हणून बाजूला पडलेले ट्रान्झिस्टर मुद्दाम वापरले होते आणि त्यांची सळसळ त्या यंत्राच्या आवाजात आहे. ट्रान्झिस्टर बनवण्याची पद्धत सुधारली, तसे सदोष नग मिळेनासे झाले, आणि सुमारे १२,००० नगांनंतर १९८३ मध्ये ८०८ बंद झालं. तिथला ट्रान्झिस्टर मी मालकाच्या लेखी परवानगीशिवाय बदलत नाही. फरक एवढाच आहे, आणि तो तुम्हाला कागदावर द्यायला हवा होता. या आठवड्यापासून दुकानातल्या प्रत्येक यंत्रासोबत काय बदललं आणि काय जुनंच ठेवलं, याची सही केलेली यादी जाईल.

ट्रान्सफॉर्मर गरजेचा होता. तुमचं यंत्र जपानच्या बाजाराचं, म्हणजे १०० व्होल्टचं आहे. बाजारात सहज मिळतो तो २३० चे ११० व्होल्ट करणारा, आणि घरातली वीज २४५ पर्यंत चढली की त्यातून ११७ बाहेर पडतात. १०० व्होल्टच्या सप्लायवर तेवढा भार रोज नको, म्हणून आम्ही १०० चा गुंडाळून घेतो. पण जाहिरातीत नुसतं 'जपानी मॉडेल' लिहिलं होतं, हा खर्च लिहिला नव्हता. तुमचे २,८०० रुपये परत करतो, ट्रान्सफॉर्मर तुमच्याकडेच राहू द्या.

शेवटचं वाक्य मात्र लागलं. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) १९६९ मध्ये मूग कंपनीचा सिंथेसायझर होता. १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी ८०८ आणि रोलंडचेच टीबी-३०३ व ज्युपिटर-८ हे सिंथेसायझर घेऊन राग रेकॉर्ड केले, तेव्हा ती यंत्रं बाजारात नवीकोरी होती. मी स्वतः ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवत मोठा झालो. कार्यक्रमाच्या दिवशी बंद पडलेलं वाद्य दुपारी उघडून संध्याकाळी स्टेजवर चालू करून देणारे कारागीर मी पाहिलेत, सोल्डरिंग त्यांच्याकडूनच शिकलो. माझ्यावर रागवा, तो तुमचा हक्क आहे. त्यांना यात ओढू नका.

दुरुस्ती नको असेल तर यंत्र परत घेऊन पूर्ण पैसे देईन, त्यातून काहीही कापणार नाही. दुरुस्ती चालणार असेल तर कुरिअरला देऊ नका. शनिवारी मी ठाणे शहरात तुमच्याकडे येतोय, यंत्र स्वतः घेऊन जाईन. दोन आठवडे लागतील, तोवर माझी ज्युनो-६० तुमच्याकडे ठेवतो. तिला मिडी (वाद्यं एकमेकांना आणि कॉम्प्युटरला जोडायची आजची पद्धत) नाही, रोलंडची जुनी डीसीबी जोडणी आहे, म्हणून कन्व्हर्टरही सोबत आणतो. तुमचे पॅच, म्हणजे साठवलेले आवाज, तेवढे शुक्रवारपर्यंत टेप आउटच्या सॉकेटमधून किंवा मिडी सिसेक्सने (मिडीवरून यंत्राचा डेटा पाठवून) कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. बॅटरी नवीन आहे, पण बोर्ड बाहेर काढायचे आहेत.