विल्यम्सबर्गला जाताय? राजवाडा शेवटी बघा

उन्हाळ्यात आई-बाबा अमेरिकेत आले की वॉशिंग्टनकडची मराठी मंडळी त्यांना हमखास व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्गला, म्हणजे ब्रिटिश वसाहतकाळातलं गाव जपून उभं केलेल्या खुल्या संग्रहालयाला नेतात. गाडीने तीनेक तास. रस्त्यांवर हिंडायला पैसे पडत नाहीत. तिकीट लागतं ते इमारतींत आणि कारागिरांच्या दुकानांत शिरायला. तिकीट काढून बहुतेक जण थेट गव्हर्नरचा राजवाडा गाठतात. तो १७८१ मध्येच जळाला. आज दिसतो तो १९३४ चा.

कॅपिटॉलची, म्हणजे वसाहतीच्या विधिमंडळाच्या इमारतीची तर गंमतच आहे. १७०५ ची पहिली इमारत १७४७ मध्ये जळाली. अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातल्या पॅट्रिक हेन्रीचं ब्रिटिश कराविरुद्धचं १७६५ चं गाजलेलं भाषण झालं ते नंतरच्या, दुसऱ्या इमारतीत. विसाव्या शतकात धनाढ्य रॉकफेलरच्या पैशातून पुन्हा बांधताना मात्र पहिली निवडली, कारण तिचे पुरावे जास्त हाताशी होते. म्हणून प्रत्येक दारात एकच विचारा : ही मूळची का? मूळच्या ८८ च्या आसपास आहेत.

माझं मत विचाराल तर आधी वीटभट्टी. उन्हाळ्यात अनवाणी माती तुडवू देतात. ती साच्यात घालून काढलेली कच्ची वीट आडोशाला सावकाश वाळवतात. उन्हात घाईने वाळली तर तडकते, ओल राहिली तर आतल्या वाफेने भट्टीत फुटते. भट्टी लागते शरद ऋतूत, आणि लाकडाचा जाळ चार-पाच दिवस सलग सांभाळावा लागतो. जाळाजवळच्या विटांना राखेतल्या क्षारांमुळे काचेसारखी निळसर-करडी झिलई चढते. जुन्या भिंतींत आडव्या विटांमध्ये विटांची अशी चकचकीत डोकी, म्हणजे आखूड टोकं दिसतात, ती हीच. कडेच्या विटा कमी भाजतात, फिक्या आणि मऊ राहतात. त्या भिंतीच्या पोटात जातात. बाहेर लावल्या तर पाऊस आणि थंडी त्यांची भुकटी करते. चुना कालवांचे शिंपले जाळून, आपल्या कोकण-गोव्यासारखाच.

आणि ब्रे स्कूल चुकवू नका. कृष्णवर्णीय मुलांची १७६० ची शाळा, मूळची लाकडी इमारत, २०२३ मध्ये अख्खी उचलून इथे आणलेली. त्या काळी गावातली निम्म्याहून जास्त माणसं कृष्णवर्णीय होती, बहुतेक सगळी गुलाम. गावाचा जीर्णोद्धार सुरू झाला १९२६ मध्ये. पण या कृष्णवर्णीय माणसांबद्दल नीट बोलायला १९७९ उजाडलं.

मुलं बरोबर असतील तर चिखलाच्या पायांसाठी टॉवेल घ्या.