मोजणाऱ्याचा खर्च कोणी द्यायचा?

मे महिना आला की कॅनडात पक्षीवेडे वर्गणी मागत फिरू लागतात. पद्धत मजेशीर आहे. मे महिन्यातले कुठलेही चोवीस तास निवडायचे, त्यात जमतील तेवढ्या जातींचे पक्षी बघायचे आणि ओळखीपाळखीच्या लोकांनी दर जातीमागे ठरलेली रक्कम द्यायची. जातीला डॉलर कबूल केलात आणि तुमच्या माणसाने ऐंशी जाती पाहिल्या, तर ऐंशी डॉलर मोजा. हिशेब नको असेल तर ठोक रक्कम द्या. टोरोंटोच्या एका संग्रहालयात आयुष्य घालवलेल्या जेम्स बेली यांच्या स्मरणार्थ १९७६ साली हे सुरू झालं आणि आजही चालू आहे. जमलेल्या पैशांतून देशभरच्या लहानमोठ्या पक्षी-निरीक्षण केंद्रांना मदत होते. पहाटे जाळी लावायची, सापडलेल्या चिमण्या पाखरांच्या पायात ॲल्युमिनियमचं कडं चढवायचं, वजन-माप लिहून घ्यायचं आणि सोडून द्यायचं, हे या केंद्रांचं काम.

आमच्या शहरातलं असं केंद्र टॉमी थॉम्पसन पार्कात आहे. हे टॉमी थॉम्पसन टोरोंटोचे पहिले उद्यान-आयुक्त. ‘कृपया हिरवळीवरून चाला’ अशा पाट्या लावणारा माणूस. पुण्यातल्या बागांतल्या पाट्या वाचत मोठं झालेल्या कोणालाही तो एवढ्यावरच आवडून जाईल. पार्क म्हणजे ओंटारियो सरोवरात पाचेक किलोमीटर आत घुसलेला भरावाचा पट्टा. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी बंदरासाठी बांध म्हणून शहरातल्या पाडकामाचा राडारोडा इथे टाकायला सुरुवात झाली. अपेक्षेएवढी जहाजं काही आली नाहीत. त्या विटा-सळ्यांवर आधी गवत, मग झाडं आपोआप उगवली आणि त्यामागून पक्षी आले. आजवर तीनशेहून जास्त जातींची नोंद आहे. मरीना, हॉटेलं असले बेत येऊ लागले तेव्हा १९७७ साली नागरिकांनी गट बांधला आणि ‘इथे काहीही करू नका’ एवढी एकच मागणी लावून धरली. सरोवराच्या काठी चौरस फुटाचे भाव काय असतात हे माहीत असलेल्या माणसाला ती मागणी किती उद्धट होती ते कळेल.

शनिवार-रविवारी हंगामात केंद्राचं हे जाळी लावायचं काम बघता येतं. जाळी इतकी बारीक की दोन पावलांवरून दिसत नाही. दर अर्ध्या तासाने फेरी. पक्षी कापडी पिशवीत, पिशवी काट्यावर. मग हातात धरलेल्या पाखराच्या गळ्याखालची पिसं फुंकरीने बाजूला करून कातडीखाली पिवळी चरबी किती साठली आहे ते बघतात. डोक्यावरची पिसं ओली करून कवटी पुरती भरली आहे का ते तपासतात, त्यावरून यंदाचं पिल्लू की जुनं ते ठरतं. सगळं मिनिट-दोन मिनिटांत. ब्लॅकपोल वॉर्बलर नावाचा बारा-तेरा ग्रॅमचा जीव शरद ऋतूत वजन जवळपास दुप्पट करून घेतो आणि अटलांटिकवरून दोन-तीन दिवस न थांबता उडतो. ही चरबी म्हणजे त्याचं विमानाचं इंधन.

बहुतेकांना वाटतं की कडं घातलेला पक्षी पुढे कुठे सापडतो यासाठीच हा खटाटोप. लहान गाणाऱ्या पक्ष्यांत शंभरातला एकही पुन्हा सापडेल याची खात्री नसते. खरी कमाई वेगळी. तीच जागा, तीच जाळी, तेच तास, आणि हे वर्षानुवर्षं. यंदा पिल्लांचं प्रमाण घटलं का, येणं आठवडाभर लवकर झालं का, हे त्या रटाळ सातत्यातूनच कळतं. २०१९ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने सांगितलं की १९७० पासून उत्तर अमेरिकेतले जवळजवळ २९० कोटी पक्षी कमी झाले, त्यात एकट्या वॉर्बलर कुळातले ६० कोटींहून अधिक. हा आकडा मुख्यतः स्वयंसेवकांच्या गणनांतून आणि हवामानाच्या रडारवरून निघाला. कोणीतरी पन्नास वर्षं पहाटे उठत होतं म्हणून तो निघू शकला.

दादरला राहणाऱ्या माझ्या मामाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, पाखरं पकडायला पैसे देतेस? त्यापेक्षा दाणे टाक त्यांना. पुण्य तरी लागेल.” त्याच्या घरापासून कबुतरखाना हाकेच्या अंतरावर, त्यामुळे या विषयात त्याचा अधिकार मोठा. पाखरांना इजा होत नाही का, हा त्याचा प्रश्न मात्र रास्त होता. इजा होते. अमेरिकेतल्या लाखो नोंदी तपासून केलेल्या एका अभ्यासात जखमी होण्याचं प्रमाण शेकडा एकपेक्षा कमी निघालं, मृत्यूचं त्याहून कमी. पण शून्य नाही. म्हणूनच परवाना आणि प्रशिक्षण लागतं, वाऱ्यापावसात जाळी बंद ठेवावी लागतात. ही किंमत मला मान्य आहे. मामाला नाही, आणि त्याला मी क्रूरपणाचं समर्थन करते असं वाटतं.

जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायचं जाहीर केलं, ऑगस्टमध्ये दादरला घातलेली ताडपत्री लोकांनी फाडून काढली, उच्च न्यायालयातही प्रकरण गेलं. तेव्हा मी इथून सगळं वाचत होते. एका बाजूला फुप्फुसांचे विकार, दुसऱ्या बाजूला जीवदया. दोन्हीकडे माणसं तळमळीने बोलत होती. पण मी वाचलेल्या चर्चेत एक साधी गोष्ट कोणी विचारली नाही: दादरला वीस वर्षांपूर्वी कबुतरं किती होती आणि आज किती आहेत? शेजारच्या ज्या वॉर्डात कबुतरखाना नाही तिथे किती? असे आकडे हाताशी असते तर भांडण मिटलं असतं असं नाही, पण भांडायला काही ठोस तरी मिळालं असतं. दाण्यांच्या गोण्यांवर दरवर्षी किती पैसा खर्च होत असेल ते मामाला ठाऊक. त्यातला शंभरावा हिस्सा मोजणाऱ्याला द्यावा असं कोणाच्या मनातही येत नाही, कारण मोजण्याला पुण्य नाही.

गंमत म्हणजे इथे पक्ष्यांना कडी घालण्याच्या, म्हणजे बँडिंगच्या, सुरुवातीच्या काळातही पुण्यभावना होतीच. ओंटारियोतल्या किंग्जव्हिलचे जॅक मायनर १९०९ साली एका बदकाच्या पायात स्वतःचा पत्ता ठोकलेलं कडं घालून बसले. काही महिन्यांनी ते बदक साउथ कॅरोलायनात मारलं गेलं आणि शिकाऱ्याने कळवलं. पुढे मायनर कड्यांवर बायबलची वचनं छापू लागले. म्हणजे श्रद्धा आणि वही यांचं वाकडं असलंच पाहिजे असं नाही.

मग आपल्याकडे कोणी मोजलंच नाही का? मोजलं, आणि मोठ्या प्रमाणावर. १९५७ साली शिमोग्याकडे क्यासनूरचा ताप सापडला. स्थलांतरित पक्ष्यांबरोबर गोचिडांतून असा विषाणू येतो का, या शंकेपोटी जागतिक आरोग्य संघटनेच्या पैशांवर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या नेतृत्वाखाली रिंगिंगचा, म्हणजे कडी घालण्याचा, प्रचंड प्रकल्प उभा केला. ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा’ अशा मजकुराच्या रिंगा घेऊन आपल्याकडचे पक्षी थेट सोव्हिएत प्रदेशात पोचले. पुढे पैसा अमेरिकी लष्कराच्या एका संशोधन कार्यक्रमातून येऊ लागला. सत्तरच्या दशकात त्याचा बभ्रा झाला, जैविक युद्धाच्या तयारीचा संशय घेतला गेला, प्रकरण संसदेपर्यंत गेलं. सालिम अलींच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण पैसा परक्याचा असला की वहीतल्या प्रत्येक आकड्यावर परक्याची सावली पडते, एवढं त्यातून दिसलं. त्या काळी मुंबई-पुण्यातल्या हजार घरांनी वर्षाला दहा-दहा रुपये दिले असते तर एवढा पसारा मांडता आला नसता, हेही खरं. लहान वर्गणीत लहान काम होतं. मात्र ते कोणी एका फटक्यात बंद पाडू शकत नाही.

आणि वर्गणी आपल्याला कोणी शिकवायला नको. अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. ही शंभरहून अधिक वर्षांपूर्वीची गोष्ट. कोणाला मूर्ती मिळाली नाही की प्रसाद. आज गणपतीची वर्गणी एका संध्याकाळी गोळा होते. त्याच पेठेतल्या लोकांना ‘टेकडीवरचे पक्षी दर महिन्याला मोजायला दोनशे रुपये द्या’ म्हणून बघा.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, आलं परदेशातून शहाणपण. म्हणून इथलंही सांगते. भरावाच्या पट्ट्यापासून पश्चिमेला, त्याच सरोवराच्या काठी ओंटारियो प्लेस आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथली आठशेहून जास्त झाडं रातोरात तोडली गेली, खाजगी स्पासाठी. त्याआधी सरकारने कायदा करून हा प्रकल्प पर्यावरणीय मूल्यांकनातून मोकळा केला होता. पक्ष्यांच्या नोंदी, याद्या, पत्रं, मोर्चे, सगळं होतं. काही उपयोग झाला नाही. पुण्यात राम-मुळा संगमाजवळची झाडं वाचवायला निघालेल्या माणसांचे फोटो मी पाहिले तेव्हा मला आपल्या आणि इथल्या सरकारात फारसा फरक वाटला नाही. इथे करवती लवकर चालतात एवढंच.

तरीही दुसरं एक उदाहरण मी विसरू शकत नाही. टोरोंटोच्या काचेच्या इमारतींवर आपटून मेलेले पक्षी १९९३ पासून एका संस्थेचे स्वयंसेवक पहाटे पदपथावरून गोळा करतात आणि कुठल्या इमारतीखाली कुठली जात, किती, हे लिहून ठेवतात. त्या रटाळ वहीचा रेटा असा की २०१० पासून नव्या मोठ्या इमारतींना पक्ष्यांना दिसेल अशी काच लावणं शहराने बंधनकारक केलं. स्पाच्या वेळी वही हरली, काचेच्या वेळी जिंकली. वहीच नसती तर हरण्याचीही सोय नव्हती.

आपल्याकडे हौशी लोकांनी उद्यानात जाळी लावावी असं मी म्हणत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे पक्षी पकडणं ही शिकारच, संशोधनासाठीही सरकारी परवानगी लागते, आणि ते योग्य आहे. पण मोजायला कोणाची ना नाही. केरळात हजारभर स्वयंसेवकांनी २०१५ ते २०२० या काळात राज्याचा पक्षी-नकाशा पुरा केला. देशभरच्या तीस हजार निरीक्षकांच्या नोंदींवर २०२३ चा भारतीय पक्ष्यांचा अहवाल निघाला, आणि वाढलेल्या पक्ष्यांत पारवा, म्हणजे मामाचं कबुतर, ठळकपणे आहे. मोजणारे आहेत. ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवशी, पाऊस असो की दिवाळी, वीस वर्षं जाण्यासाठी लागणारा पगार, रिक्षाभाडं आणि दुर्बीण कोण देणार, एवढंच अडलंय. प्रकल्प आला की त्याचं पर्यावरण मूल्यांकन करणाऱ्या सल्लागाराला पैसे प्रकल्पवालाच देतो. त्याच्यासमोर ठेवायला पेठेची स्वतःची वही हवी.

यात माझा उपयोग जवळजवळ शून्य. मी कॅनडाचं नागरिकत्व घेतलं आहे, त्यामुळे माझे पैसे भारतातल्या संस्थेसाठी परदेशी देणगी ठरतात. परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी नसलेल्या छोट्या गटाने ते घेतले तर तोच अडचणीत यायचा. भारतीय पासपोर्टवर इथे राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला ही अट नाही, ती आपल्या कमाईतून देऊ शकते. पूर्वी मला या नियमाचा राग यायचा. रिंगिंगच्या त्या जुन्या प्रकरणाबद्दल वाचल्यापासून राग कमी झालाय. पुण्याची टेकडी मोजायला टोरोंटोतून डॉलर येणार असतील तर प्रकल्पवाल्याचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारेल. कोथरूडच्या एका सोसायटीने देखभाल खर्चातून महिना पाचशे रुपये काढले, तर त्याच्याकडे विचारायला काहीच उरणार नाही. मामाला मी सध्या एवढंच म्हटलंय की दाण्याच्या दुकानदाराकडून गेल्या दहा वर्षांची विक्री मिळते का बघ. तो म्हणाला, विचारतो, पण कशासाठी ते सांगणार नाही.