स्कॅन बारीक कापांचा काढा

डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडल्यावर कॉम्प्युटरवर आधी सगळं मांडून मग ऑपरेशन करतात, ते तुमच्या लेखात सोपं करून सांगितलंय, छान. आमच्या निपाणी-चिकोडी भागात उसाचा सीझन चालू झाला की रात्री बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्यांवर मोटरसायकली आदळतात आणि हेल्मेट असतंय टाकीवर, मग तोंडाचं काय होणार ओ. माझ्या मेव्हण्याचं तसंच झालतं, सूज उतरली तसा डोळा आत गेलेला दिसायला लागला, वर बघितलं की एकाचे दोन. डॉक्टरांनी स्क्रीनवर चांगल्या बाजूचं चित्र उलटं करून मोडक्या बाजूवर ठेवलं, खालचं हाड कुठं खचलंय ते आम्हालाबी कळलं. त्याच मापाची प्लास्टिकची कवटी प्रिंट करून मोडक्या हाडाच्या जागी बसवायची टायटॅनियमची जाळी तिच्यावर आधीच वाकवून घेतली. खोबण म्हणजे जेमतेम 30 मिलिलिटर जागा, त्यात 2-3 मिलिलिटर वाढली तरी डोळा खोल दिसतो, म्हणून हा खटाटोप. पण सीटी स्कॅन (डोक्याचे काप केल्यागत फोटो) जाड कापांचा असला तर हे जमत नाही, 1 मिलिमीटर किंवा त्याहून बारीक लागतो, पहिल्यांदाच तसा काढायला सांगा. आणि दोन्ही बाजू मोडल्या असतील तर उलटं करून ठेवणार कुठली? तेबी लिहायला पायजे होतं.

लहान पोरांचं वेगळं, हाड लवचिक, मोडलेल्या फटीत डोळ्याचा स्नायू अडकतो, डोळा बाहेरनं पांढराशुभ्र पण वर फिरत नाही आणि पोरगं ओकायला लागतं. तिथं मॉडेल-बिडेलची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा.