खुलासा: ‘साइकी के.’चा दुसरा सीझन कोणता?

‘द डिझास्ट्रस लाइफ ऑफ साइकी के.’ या जपानी ॲनिमे (कार्टून) मालिकेचा दुसरा सीझन म्हणजे नेटफ्लिक्सवरचा सहा भागांचा ‘रीअवेकन्ड’, अशी पोस्ट सध्या फिरते आहे. ते खरं नाही.

दुसरा सीझन जपानमध्ये टीव्ही टोकियोवर जानेवारी ते जून 2018 मध्ये लागला. चांगले 24 भाग. भविष्य सांगणारी आइउरा नायक साइकीच्या शाळेत येते ती यातच. त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटी समारोपाचा विशेष भाग आला. ‘रीअवेकन्ड’ त्यानंतर, 30 डिसेंबर 2019 ला.

पहिल्या सीझनचे 120 भाग, असाही आकडा दिसतो. तो खोटा नाही, पण फसवा आहे. 2016 साली पाच-पाच मिनिटांचे तुकडे आठवड्यातून पाच दिवस सकाळी दाखवायचे आणि आठवड्याचे पाच जोडून एक पूर्ण भाग करायचे. म्हणजे हिशेब पुन्हा 24 चाच.

त्यामुळे पहिल्या सीझनवरून थेट ‘रीअवेकन्ड’वर उडी मारलीत, तर मधले 24 भाग आणि तो समारोप हुकतो. मग शाळेतली काही मंडळी अनोळखी वाटतात. (साइकीची लाडकी कॉफी जेली मात्र सगळीकडे आहे, काळजी नसावी.)